पत्ता कळवण्याची मुदत

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला एकाच वेळी दोन घरांत राहावे लागते. एक घर विटामातीचे; त्यात त्याच्या ट्रंका, त्याची तुळस आणि त्याची माणसे असतात. दुसरे घर कागदावरचे. बदलीचा हुकूम आला की पहिले घर आठ-दहा दिवसांत आवरून ट्रकमध्ये भरता येते. दुसरे मात्र मागेच राहते. जबलपूरला मी प्रथम आलो तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या ज्या क्वार्टरची किल्ली मला मिळाली, तेथे माझ्या आधीच्या दोन साहेबांची पत्रे पुढे तीन वर्षे येत होती. त्यांतल्या एकांना मी कधी पाहिलेही नाही. पण त्यांच्या विम्याचा हप्ता केव्हा पडतो आणि त्यांची भाची कोणत्या महिन्यात बोहल्यावर चढली, हे मला ठाऊक होते. पोस्टमन बिचारा काय करणार! पाकिटावर घर लिहिलेले, घर जागेवर, दाराला माणूस. त्याच्या लेखी पत्र पोचले.

ज्यांनी केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या भोगल्या आहेत, त्यांना पदग्रहण अवधीचे १९७९ चे नियम मुखोद्गत असतात. नव्या ठिकाणाचे अंतर १,००० किलोमीटरपर्यंत असेल तर १० दिवस, त्याहून अधिक असेल तर १२ आणि २,००० च्या पुढे १५. विमानाने जाणाऱ्याला मात्र १२ हून अधिक नाहीत. गाव तेच आणि राहते घरही तेच, तर एकच दिवस. कार्यभार दुपारपूर्वी सोडला तर मोजणी त्याच दिवसापासून, दुपारनंतर सोडला तर दुसऱ्या दिवसापासून. अवधी संपता संपता सुट्टी आली तर तीही पदरात घालता येते. नियम रुक्ष आहेत. परंतु ज्या कोणी ते लिहिले, त्याच्या डोळ्यांसमोर सामान बांधणारा, मुलांचे शाळेचे दाखले काढणारा एक माणूस उभा असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. किती दिवस द्यायचे हे तर त्याने ठरवलेच, पण दिवस कोणत्या क्षणापासून मोजायचे हेही ठरवले. मुदत घालणारे पुष्कळ असतात. तिचा पहिला दिवस कोणता, हे सांगणारे थोडे.

मोटारगाडीचेच पाहा. १९८८ च्या कायद्याप्रमाणे मालकाने राहते घर बदलले तर ३० दिवसांत कळवावे लागते. गाडी परप्रांतात नेली तर तेथील नवा क्रमांक घेण्यास १२ महिने मिळतात. वारंवार बदली होणाऱ्यांची ओरड ऐकून २०२१ साली 'बीएच' अक्षरांची मालिका निघाली आणि निदान त्या एका कागदाला तरी माणसाबरोबर हिंडण्याची मुभा मिळाली. जमिनीचे आणखी वेगळे. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत, ज्याला जमिनीवर हक्क प्राप्त झाला त्याने ती गोष्ट सहा महिन्यांच्या आत कळवावी, असे ठेवले होते. आपण ज्याला फेरफार म्हणतो त्याला येथे नामांतरण म्हणतात. सहा महिने पुष्कळ झाले, असे शहरी मनुष्य म्हणेल. परंतु ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे, ज्याचा एक भाऊ सुरतेला आणि बहीण सासरी आहे, वारसांची नावे कोणत्या क्रमाने घालायची यावर ज्यांच्यात अजून बोलणेही झालेले नाही, त्याला पटवाऱ्याकडे आठवड्याच्या आत जा म्हणणे क्रूरपणाचे होईल. मुदत लांब ठेवली ती आळशी माणसासाठी नव्हे.

एवढे पाल्हाळ लावले ते एका निराळ्याच नोंदवहीसाठी. ही नोंदवही इंटरनेटवरच्या पत्त्यांची.

आपल्या पत्त्यांना १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन क्रमांक लागला. ती योजना टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्याची. जबलपूरच्या वाट्याला ४८२००१ आला तो आजही तोच आहे, कारण तो गावाला चिकटलेला आहे; गावातून माणसे गेली, नवी आली, तरी तो शिळा होत नाही. इंटरनेटवरही प्रत्येक यंत्राला क्रमांक लागतो आणि लक्षात ठेवण्याच्या सोयीसाठी नाव घेता येते. परंतु त्यांच्या पायाखाली जमीन नाही. तो क्रमांक किंवा ते नाव कोणाला दिले, त्याचा ठावठिकाणा काय, हे ज्या वहीत लिहिले आहे ती वही हीच त्याची जमीन. १९८२ साली, जेव्हा ते जाळे मुख्यतः अमेरिकेतील होते, तेव्हा 'हू इज', म्हणजे 'कोण आहे', या नावाची एक सोय लेखी स्वरूपात जाहीर झाली. कॅलिफोर्नियातील एका संशोधनसंस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचे लोक ही सूची सांभाळीत. यंत्रे थोडी होती आणि माणसे एकमेकांच्या ओळखीची होती. कोणी संस्था बदलली तर सूचीवाल्यांच्या कानावर ते जाणारच.

ओळख संपली तेथे मुदत आली. आज क्रमांकांच्या वह्या खंडवार वाटलेल्या आहेत. आपल्या बाजूची वही ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे 'एपनिक' ठेवते आणि २०१२ पासून भारतासाठी 'निक्सी' या संस्थेच्या छत्राखाली एक स्वतंत्र वही आहे. नावांची व्यवस्था वेगळी. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' अशा शेपटांची नावे विकणाऱ्या कंपन्या १९९८ साली स्थापन झालेल्या 'आयकॅन' या संस्थेशी करार करतात आणि त्या करारातली कलमे नाव घेणाऱ्यावर बंधनकारक होतात. जुन्या करारात, पत्ता बदलला तर नोंद 'तत्परतेने' दुरुस्त करावी, असा शब्द होता. आमच्या खात्यात ज्यांनी 'यथाशीघ्र' या शेऱ्याखाली दोन-दोन वर्षे पडून राहिलेल्या फायली पाहिल्या आहेत, त्यांना अशा शब्दाचे वजन सांगायला नको. २०१३ च्या करारात तो शब्द जाऊन आकडा आला : कोणताही बदल झाल्यापासून ७ दिवस. शिवाय, नोंद खरी आहे काय, अशी विचारणा झाली तर १५ दिवसांत उत्तर हवे. न आल्यास नाव स्थगित होऊ शकते किंवा रद्दही.

७ दिवस! म्हणजे सरकार आपल्या माणसाला नव्या जागी पोचायला देखील १० देते.

हे सारे मला का शोधावे लागले ते सांगतो. आमच्या गावातील एका मराठी मंडळाचे छोटेसे संकेतस्थळ आहे. गाव कोणते ते सांगितलेच आहे. मंडळाचे नाव मुद्दामच सांगत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या मध्य प्रदेशाची पुनर्रचना झाली, उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आले आणि त्याच्याबरोबर जी मराठी कुटुंबे आली, त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने हे मंडळ टिकवून धरले. रेल्वे, आयुध निर्माणी, दूरसंचार अशा खात्यांतून बदलून येणारी मंडळी त्यात दोन-चार वर्षे मिसळतात आणि जातात. संकेतस्थळावर मंडळाच्या वार्षिक अंकांची जुनी पाने आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी मंडळ जी छोटी शिष्यवृत्ती देते, तिचे अर्ज त्याच नावाच्या ई-मेलवर येतात.

हे नाव घेतले त्या वर्षी जे सचिव होते ते केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते. उत्साही, टापटिपीचा मनुष्य. नोंदणीत त्यांनी स्वतःचा कार्यालयीन ई-मेल दिला, कारण तो त्यांच्याजवळचा सर्वांत भरवशाचा पत्ता होता. पुढे त्यांची बदली ईशान्येकडे झाली. निरोपसमारंभ झाला, शाल झाली, हिशेबाच्या वह्या नव्या सचिवांकडे गेल्या. कार्यालयाने रीतीप्रमाणे त्यांची टपालपेटी बंद केली. कोणाचेही काही चुकले नव्हते.

नाव विकणाऱ्या कंपनीने नोंदणीधारकाला वर्षातून एकदा स्मरणपत्र पाठवावे, 'तुमची नोंद बरोबर आहे ना ते पाहा' असे सांगावे, हा आयकॅनचा नियम २००३ पासूनचा आहे. ते स्मरणपत्र त्या बंद पेटीवर गेले आणि परत आले. पत्र परत येणे हा नोंद चुकीची असल्याचा पुरावा, असे २०१३ च्या कराराचे परिशिष्ट मानते. मग कंपनीने त्या ई-मेलची फेरतपासणी करायची, १५ दिवसांत होकार आला नाही तर एक तर स्वतः माणूस लावून खात्री करून घ्यायची किंवा नाव स्थगित करायचे. फेरतपासणीचे पत्र कोठे गेले? त्याच बंद पेटीवर. 'आपला पत्ता चुकीचा आहे' हा निरोप त्या चुकीच्या पत्त्यावर धाडून कंपनीने पंधरा दिवस वाट पाहिली आणि दोन पर्यायांतला स्वस्त पर्याय उचलला. रिकाम्या घराच्या दाराखालून 'हे घर रिकामे आहे' अशी चिठ्ठी सरकवावी, तसला हा प्रकार. नोंदीत आमचा दूरध्वनी क्रमांकही होता, आणि तो चालू होता.

आम्हांला हे कळले ते बालाघाटच्या एका मुलीच्या फोनमुळे. तिने अर्ज पाठवला होता, तो परत आला होता. तिने वर्गातल्या मैत्रिणीकडून कोणाचा तरी क्रमांक मिळवला, त्यांनी दुसऱ्याचा दिला आणि असे करत ती माझ्यापर्यंत पोचली. "काका, मंडळ बंद झालं का?" हा तिचा पहिला प्रश्न. तोवर एकोणीस दिवस गेले होते आणि अर्ज घेण्याची आमची स्वतःची तारीख उलटून चार दिवस झाले होते. नाव पूर्ववत झाल्यावर कार्यकारिणीची बैठक भरली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, तारीख म्हणजे तारीख. उद्या सगळेच सबब सांगतील. यावर पुष्कळ घासाघीस झाली. अखेर नाव जितके दिवस बंद होते तितकेच दिवस मुदत पुढे न्यावी, एकही कमी नाही आणि एकही अधिक नाही, असे ठरले. त्या मुलीचा अर्ज आला. आणखी किती अर्ज परत गेले असतील ते मोजण्याचा मार्ग नाही, कारण परत गेलेले पत्र आमच्याकडे खूण ठेवत नाही. फोन करण्याचे धाडस प्रत्येकाला असतेच असेही नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, मग मुदती सैल करा. माझे म्हणणे तसे नाही. शिळ्या नोंदीने केवळ नोंदणीधारकाचे नुकसान होत असते तर त्याचे तो पाहून घेता. परंतु ज्याचा काही संबंध नाही अशा तिसऱ्याच माणसाच्या दारावर थाप पडते, ही यातील खरी गोष्ट. २०१६ साली अमेरिकेत एक हकीकत उजेडात आली. कॅन्सास राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराला वर्षानुवर्षे उपद्रव होत होता. पोलीस येत, फसवले गेलेले लोक येत, धमक्या येत. कारण असे की इंटरनेटचे क्रमांक नकाशावर कोठे पडतात ते सांगणाऱ्या एका कंपनीने, ज्या क्रमांकांचा ठिकाणा 'अमेरिकेत कोठेतरी' एवढाच ठाऊक होता त्या सर्वांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू धरला होता, आणि त्या बिंदूवर हे शेतघर होते. सुमारे ६० कोटी क्रमांक त्या एका अंगणात येऊन पडले होते! ही वही नोंदणीची नव्हे, नकाशाची. पण कागदावरच्या चुकीच्या पत्त्याचा भुर्दंड कोण भरतो ते यावरून दिसते.

आफ्रिका खंडाच्या वहीत तर याहून वाईट घडले. जुन्या, बंद पडलेल्या संस्थांच्या नावावर असलेले आणि कोणी फिरून पाहत नसलेले क्रमांक, तसेच वहीच्या स्वतःच्या शिलकीतले क्रमांक परस्पर दुसऱ्यांच्या नावे चढवले गेल्याचे २०१९ साली बाहेर आले. पुढच्या तपासणीत ही संख्या सुमारे ४० लाख भरली. ज्या शेताचा मालक फिरकत नाही, त्याचा बांध सरकतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही पटवाऱ्याने सांगितले असते.

म्हणून मुदत हवी, आणि ती कडकही हवी. प्रश्न आहे तो कोणत्या गोष्टीला किती, आणि कोणापासून मोजून. उत्तर अमेरिकेच्या वहीत यांतला भेद थोडासा ओळखलेला दिसतो. एखाद्या कंपनीने आपल्याजवळचे क्रमांक गिऱ्हाइकाला दिले तर त्याची नोंद ७ दिवसांत झाली पाहिजे. आणि संपर्काच्या माणसांना वर्षातून एकदा 'तुम्ही अजून तेच आहात ना' असे विचारले जाते, त्याच्या उत्तराला मात्र ६० दिवस. मला हे पटते. क्रमांक देणारी कंपनी स्वतःच्या हाताने देते, पैसे घेते, पावती फाडते. तो बदल तिच्या टेबलावर झालेला असतो. तिला सात दिवस पुष्कळ झाले. पावती आणि नोंद एकाच बैठकीत व्हायला हरकत नाही. याउलट संपर्काचा माणूस रजेवर असेल, रुग्णालयात असेल, बदलून गेलेला असेल. एपनिकच्या वहीत तक्रारींसाठीचा पत्ता दर सहा महिन्यांनी जिवंत आहे काय हे तपासतात आणि उत्तराला १५ दिवस देतात. अशा वेळी पंधरा दिवस थोडे की फार, हा वाद माझ्या मते गौण आहे. विचारणा माणसापर्यंत पोचली काय, एवढे आधी पाहावे. पोचली नसेल तर साठ दिवसही शून्यच, आणि पोचली असेल तर पंधराही पुरे.

तेव्हा मुदत मोजायची ती निरोप निघाल्यापासून नव्हे, पोचल्यापासून. आणि एका वाटेने पोचला नाही तर दुसऱ्या वाटेने पोचवण्याचा यत्न झाल्यापासून. न्यायालयाचे समन्स बजावणारा बेलिफसुद्धा घर बंद दिसले तर दाराला प्रत लावून येतो, आणि तसे लिहून देतो. नाव विकणाऱ्या कंपनीकडून एका फोनची अपेक्षा करणे म्हणजे काही तिच्यावर डोंगर लोटणे नव्हे.

२०१८ च्या मे महिन्यात युरोपात खासगी माहितीचा नवा कायदा लागू झाला तेव्हापासून नाव घेणाऱ्यांचे बहुतेक तपशील लोकांच्या नजरेआड गेले. ते योग्यच झाले. कोणाचे घर कोठे आहे हे साऱ्या जगाने का वाचावे? पण त्याबरोबर एक जुनी सोयही गेली. पूर्वी एखाद्या चौकस स्नेह्याने वही चाळली असती आणि 'अहो, तुमच्या नोंदीत अजून जुनेच सचिव आहेत' असे सांगितले असते. आता वही केवळ कंपनी आणि नोंदणीधारक यांनाच दिसते. ज्याला एकट्यालाच चूक दिसते, त्याच्यावर ती कळवण्याचे ओझे अधिक असले पाहिजे. नियमांत मात्र ओझे सगळे एकीकडेच आहे.

याचा उलटा नमुना आपल्या या प्रांतातच आहे, म्हणून अंमळ अभिमानाने सांगतो. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवांच्या हमीचा कायदा केला. देशात तो पहिला. दाखला, नोंद, जोडणी, ज्याची जी मुदत ठरली असेल ती अधिकाऱ्यावर बंधनकारक, आणि विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंत त्याच्या खिशातून. तो कायदा आला तेव्हा आमच्या ओळखीतले काही अधिकारी रागावले होते. मला तो तेव्हाही आवडला होता आणि आता तर अधिकच आवडतो. घड्याळ दोन्ही बाजूंच्या भिंतींवर असले म्हणजे दोघेही वेळेवर उठतात. भूमी-नोंदीतही २०१८ च्या दुरुस्तीने हेच झाले : वाद नसेल तर तहसीलदाराने नामांतरणाचे प्रकरण ३० दिवसांत निकालात काढावयाचे. वारसाला वेळ अधिक आणि तहसीलदाराला थोडा, हे प्रमाण मला शहाणपणाचे वाटते.

आमच्या मंडळात पुढे काय झाले ते सांगून थांबतो. प्रथम असे सुचले की, संपर्कासाठी मंडळाच्याच नावाचा 'सचिव' असा ई-मेल द्यावा. माणसे बदलली तरी पद राहते. कल्पना सर्वांना पसंत पडली. तेवढ्यात दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक सभासद म्हणाले, "अहो, नाव स्थगित झालं की त्या नावाचं ई-मेलही बंद. ज्या कुलपाची किल्ली, ती त्याच कपाटात!" मग दोन पत्ते द्यायचे ठरले. एक मंडळाने बाहेर उघडलेला, ज्याची किल्ली तिघांकडे आहे; आणि एक अशा सभासदाचा, ज्यांची बदली आता कोणी करू शकत नाही. ते गृहस्थ ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ई-मेल रोज सकाळी पूजेनंतर पाहतात.

आणि कार्यभार सोपवण्याच्या आमच्या छापील यादीत, 'रोख शिल्लक', 'पावतीपुस्तके', 'शिक्के', 'सभागृहाची कुलपे' यांच्या खाली आता एक ओळ वाढवली आहे : 'इंटरनेटवरील नोंदीत नाव बदलले, दिनांक'. जाणाऱ्या सचिवाने ती ओळ भरल्यावरच शाल द्यायची, असा ठराव झाला आहे.